शून्य नंबरचं पाकीट

९ जून

वहिनी,

फोन लागत नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल, तर आधी तेच सांगते. फोन चांगला आहे, आम्हीच तो बंद करून कपाटात ठेवलाय. दिवसाला पंचवीस-तीस वेळा वाजायचा. उचलला की एक पोरगेला आवाज "मॅडम, हप्त्याचं काय ठरलं?" असं इतक्या गोडीत विचारायचा की मला त्याचीच दया यायला लागली होती. परवा ठकी माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आई, मी उचलते, सांगते की आई घरी नाही." नऊ वर्षांची पोर, आणि किती सहज म्हणाली! त्याच दिवशी फोन बंद केला. तेव्हा आता पत्रं. माझं अक्षर कसंबसं लावून घ्या.

झालं असं, गेल्या सोमवारी लाँड्रीत दोघे जण आले. गिऱ्हाईक समजून मी पावतीपुस्तक पुढे ओढलं. त्यांच्या हातात पिशवी नव्हती, फाईल होती. सरळ आत जाऊन मोठ्या धुलाई मशीनचे आणि चादरींच्या रोलरचे नंबर उतरवून घ्यायला लागले. म्हटलं, कशाला? तर म्हणाले, सहा महिने हप्ता आलेला नाही, बाई, मशीनं उचलावी लागतील.

आता मशीनांसाठी कर्ज काढलं हे मला ठाऊक होतं. हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं तेव्हा मीच गावभर सांगत सुटले होते. हॉटेलवाल्यांनी स्वतःची धुलाई सुरू करून आपलं काम काढून घेतलं, हेही ठाऊक होतं. "ओढून नेऊ कसंतरी," असं हे म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. पण सहा महिने एकही हप्ता गेलेला नाही, वर आणखी दोन ठिकाणांहून उचल घेतलीय, हे मला फाईलवाल्यांच्या तोंडून कळावं? आणि शेजारचा चष्मेवाला दारात उभं राहून सगळं ऐकत होता. त्याचे कान त्याच्या चष्म्यांपेक्षा चांगले आहेत.

मी आत बॉयलरपाशी गेले. म्हटलं, "अहो, हे मला सांगायचं नाही का?" तुमचे दीर म्हणाले, "सांगितलं होतं."

वहिनी, सांगितलं होतं! कधी? माझ्या स्वप्नात येऊन? मी म्हटलं, "कुणाला, मला?" तर "जाऊ दे" म्हणाले आणि वाफेचा कॉक सोडला. त्या आवाजात भांडण कसलं होतंय.

कर्जाची भीती वाटते, नाही असं नाही. पण बारा वर्षांत या माणसानं माझ्याशी कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही. कमी बोलतात, ते चालवून घेतलं. आता जे दोन शब्द बोलतात तेही खोटे असतील तर मी काय करू?

तुमची धाकटी


२१ जून

धाकटे,

तुझं अक्षर चांगलं आहे गं. मी दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून डॉक्टरांनी लिहिलेलं वाचते, त्यापुढे तुझं म्हणजे छापलेलं पुस्तक.

पत्र दोनदा वाचलं. पण एक सांगते, भाऊजी खोटारडे नाहीत. त्यांना बोलता येत नाही, हा वेगळा रोग आहे. तुझ्या दादांनाही तोच होता. मला मागणी घालायला आले तेव्हा पाऊण तास पंख्याबद्दल बोलत होते. मी म्हणते, यात सगळी चूक आपल्या सासूबाईंची. दोन्ही पोरांना लहानपणापासून मागे बॉयलरवर ठेवलं आणि काउंटरला कायम सुनांना उभं केलं. काउंटरवर उभं राहिलं की माणूस बोलायला शिकतो. कुणाची कॉलर फाटली, कुणाचा डाग निघाला नाही, सगळ्यांची समजूत घालावी लागते. बॉयलरशी बोलून काय येणार आहे? तो फक्त फुसफुसतो.

तेव्हा त्यांना समोर बसव आणि विचार, कधी सांगितलं. आवाज न चढवता विचार. तुझा आवाज चढला की चष्मेवाल्याच्या काचा हलतात, हे मी स्वतः ऐकलंय.

सोबत थोडे पैसे पाठवतेय. परत करायचं नाव काढलंस तर बघ. मला एकटीला लागतं किती? दोन खोल्या, एक खाट, एक कप. दादा गेल्यापासून मी दुसरा कप धुतलेलाच नाही.

वहिनी


२४ ऑगस्ट

वहिनी,

पैसे पोचले. ठकीची फी भरली आणि तिचे बूट घेतले.

तुम्ही सांगितलंत तसं समोर बसवलं. "आम्ही दोघं बोलणार आहोत, तू खेळायला जा," असं ठकीला सांगितलं, तर ती घाबरून रडायलाच लागली. तिला समजावण्यात वेळ गेला, तेवढ्यात यांना कुठं तरी जायचं आठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. खालमानेनं म्हणाले, "तुला सगळं ठाऊक आहे." मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही. तर चपला घालून बाहेर पडले. मग मीही विचारायचं सोडून दिलं.

आता आम्ही दिवसभर एकाच दुकानात असतो आणि नंबराच्या पट्ट्यांवर बोलतो. मी पट्टीवर लिहिते, "४१२, बाही उसवलीय." ते लिहितात, "४१२, तेलाचा डाग, जाणार नाही." काल एका पट्टीवर लिहिलं होतं, "जेवलीस का." मी ती पट्टी शर्टाला तशीच लावून ठेवली. गिऱ्हाईक हसत होतं.

एक गंमत सांगते, हसायला तेवढंच आहे. त्या निवृत्त हेडमास्तरांचा कोट आला होता. आतल्या खिशात घडी घातलेला कागद. मी नेहमीसारखा पाकिटात घातला, टाचणी लावली, वर नंबर टाकला आणि पाकीट काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. संध्याकाळी त्यांची बायको धावत आली. म्हणते, यांच्या खिशात काय सापडतं ते मला वाचून दाखवा ना, मी वर पैसे देते! मी म्हटलं, बाई, खिशातलं काढायचं, ठेवायचं, वाचायचं नाही, हा आमच्या सासूबाईंचा नियम. कोट ज्याचा, कागद त्याचा. म्हणते, अहो पण नवरा माझा! मी म्हटलं, माझ्या स्वतःच्या नवऱ्याच्या खिशातलंही मी वाचत नाही. त्याला शून्य नंबर टाकते आणि वर्षअखेर डबा रिकामा करायचा तेव्हाच उघडते. बारा वर्षांत एक चिठ्ठी वाचलेली नाही. ती बिचारी चिडून गेली. तुम्हाला आठवतं, सासूबाई कशा शिकवायच्या? डाव्या हातानं खिसा उलटा, उजव्या हातात पाकीट, आणि नजर गिऱ्हाइकाकडे.

हसून झालं असेल तर आता पुढचं वाचा. ठकीच्या नावाची म्हणून जी ठेव होती, आठ वर्षं मी बटणं लावून, पँटी आखूड करून जमवलेली, ती मोडलीय. एप्रिलमध्येच. दोघांची नावं होती, एकाच्या सहीवर चालतं. मी बँकेत गेले होते व्याज किती झालं बघायला. खिडकीतल्या मुलीनं मला दोनदा नाव विचारलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. बाहेर पायरीवर बसले मी.

घरी येऊन विचारलं. या वेळी आवाज चढला, हो, चढलाच. मी म्हटलं, मला विचारावंसंही वाटलं नाही? तर तोंड वर करून म्हणतात, "विचारलं होतं. तू नाही म्हणाली नाहीस."

काय म्हणावं या माणसाला? पैसे गेले ते गेले. पण मी वेडी आहे, मला आठवत नाही, असं मला पटवायला निघालेत का? आणि खरं सांगू, बँकेच्या पायरीवर मी क्षणभर आठवून पाहिलं की खरंच विचारलं होतं का.

धाकटी


३ सप्टेंबर

धाकटे,

मी भाऊजींची बाजू घेतली होती ती परत घेते. ठेव मोडायची आणि वर तूच हो म्हणालीस म्हणून सांगायचं! मला तर वाटतं असं ऐकलं असतं तर दादांना मी ताटावरून उठवलं असतं.

मी भाऊजींना चार शब्द लिहू का? तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार.

आणि ऐक. जास्त झालं तर ठकीला घेऊन इकडे ये. आमच्या दवाखान्यात चादरी-कपड्यांच्या विभागात बाई हवी आहे, सुपरवायझर. तुझ्याएवढं कापड कुणाला कळतं? मी विचारून ठेवलंय. शाळा गल्लीच्या टोकाला आहे. घाई नाही. पण दार उघडं आहे एवढं लक्षात ठेव.

वहिनी


१९ ऑक्टोबर

वहिनी,

यांना काही लिहू नका. मीच येते.

सहजासहजी लिहिलं नाही हे. दीड महिना मनात घोळवलं. मोठं मशीन अजून नेलेलं नाही, फाईलवाले दर पंधरवड्याला येऊन बघून जातात, हात लावून बघतात. मला त्याचंही आता काही वाटेनासं झालंय. मी दमलेय हो. सकाळी उठले की आधी अंदाज घेते, आज घरात कुठल्या जागी उभं राहिलं की यांच्याशी डोळाभेट होणार नाही. माझ्याच घरात.

आणि आता नवीनच. हे रोज सकाळी साडेपाचला बाहेर पडतात आणि नऊला थेट दुकानात येतात. कुठं जाता विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, सांगितलं होतं. अंगाला वेगळ्याच साबणाचा वास असतो, आपल्याकडचा नाही. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मग वाटलं, या माणसाला तेवढं करायचीही ताकद राहिलेली नाही. किती वाळलेत.

ठकीची सहामाही अठ्ठावीस नोव्हेंबरला संपते. एकोणतीसची, शनिवार सकाळची, बसची दोन तिकिटं काढलीत. यांना निघायच्या दिवशी सांगेन. ठकीला सांगितलंय की वहिनीकाकूकडे राहायला जायचंय. तिनं विचारलं, "बाबांना बघायला कोण असेल?" मी म्हटलं, बॉयलर.

बोलून गेले आणि मग मोरीत जाऊन रडले.

तुमच्याकडे जागा आहे ना, नक्की?

धाकटी


२८ ऑक्टोबर

अगं, जागा आहे का काय विचारतेस!

बाहेरच्या खोलीतला दादांच्या पुस्तकांचा ढीग हलवला. शेजारणीकडून एक खाट आणली, पाय जरा डुगडुगतो, खाली पुठ्ठा घातलाय. ठकीसाठी खिडकीपाशी टेबल. निळा पडदा शिवलाय, तू आलीस की नावं ठेवशील, शिवण वाकडी आलीय. तीन कप घासून ठेवलेत. वरिष्ठांना भेटले, ते म्हणाले एक डिसेंबरला या. मी काल खिडकीत बसून एका पेशंटला उगाचच म्हटलं, माझी जाऊ येतेय. तो बिचारा कान दुखतो म्हणून आला होता.

येताना स्वेटर आणा. बाकी काही नको.

वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. मी पत्र लिहितोय याचं तुम्हाला नवल वाटेल.

ठकीकडून कळलं की त्या दोघी तुमच्याकडे येणार आहेत. तिच्या आईनं मला अजून सांगितलेलं नाही. अडवावं म्हणून लिहीत नाही. ठकीला थंडीत सकाळी खोकला होतो, उठल्या उठल्या कोमट पाणी द्यावं. तिच्या आईला थंडी सोसत नाही पण ती सांगत नाही. तिची खाट खिडकीपासून लांब असावी.

एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे. दादा असता तर त्याला सांगितली असती.

मी तिच्याशी लबाडी केलेली नाही. हप्ते थकले तेव्हा तोंडानं सांगायला तीन वेळा गेलो. जमलं नाही. एकदा तर ती म्हणाली, काय हवंय, आणि मी म्हटलं, पाणी. म्हणून मार्चात चार पानं लिहिली. किती कर्ज, कुणाकुणाचं, कसं वाढलं, सगळं. ठकीची ठेव मोडू का, तेही विचारलं. ते कागद माझ्या थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. कोट ती धुवायला घेणार होती, आणि खिसे बघितल्याशिवाय ती काहीच मशीनमध्ये टाकत नाही. शेवटी लिहिलं होतं, तुला मान्य नसेल तर हे कागद परत कोटात ठेव, मी समजेन, पुन्हा विषय काढणार नाही.

तीन दिवसांनी कोट धुऊन कपाटात टांगला होता. खिसा रिकामा. तरी पंधरा दिवस थांबलो. रोज हात घालून बघत होतो. मग ठेव मोडली.

जूनमध्ये ती म्हणाली, मला सांगितलं नाही. वाटलं, चष्मेवाल्यासमोर लाज वाटली म्हणून म्हणतेय. ऑगस्टमध्ये पुन्हा म्हणाली. तेव्हा वाटलं, तिला ते पत्र आलंच नाही असं धरायचंय. तसं धरायचा तिला हक्क आहे. चूक माझी आहे, तेव्हा कसं विसरायचं ते तिनं ठरवावं. मी वाद घातला नाही.

सकाळी मी हॉटेलच्या धुलाईत जातो. त्यांची चादरींची मशीनं चालवतो. आपल्याकडून गेलेल्याच चादरी आहेत, कोपऱ्यातला शिक्का ओळखतो. हे तिला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाही.

त्यांना सांभाळा.

तुमचा दीर


२२ नोव्हेंबर

धाकटे,

हे कुरिअरनं पाठवतेय, बुधवारपर्यंत पोचेल असं म्हणाला. हातात पडेल तेव्हा उभी असशील तर बस.

आधी माझा गुन्हा. भाऊजींचं सोबतचं पत्र मला चौदा तारखेला मिळालं. आज बावीस. आठ दिवस मी ते साखरेच्या डब्याखाली ठेवलं होतं. विसरले नव्हते. रोज सकाळी चहा करताना डबा उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. ते पत्र तुला दिलं की तू येणार नाहीस, हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. आणि मी पडदा शिवला होता गं. तीन कप घासले होते. तीन वर्षं मी या खोल्यांत एकटी बोलतेय आणि उत्तरही मीच देतेय. म्हणून मी आठ दिवस स्वतःला सांगत होते की नवरा-बायकोच्या भानगडीत आपण पडू नये. लबाडी कशी असते ते मला आता चांगलं कळलं. ती भाऊजींनी केलेली नाही, मी केली.

काल दवाखान्यात एका म्हाताऱ्यानं केसपेपर मागितला आणि म्हणाला, "बाई, वाचून सांगा ना काय लिहिलंय." मी सवयीनं म्हटलं, "ज्याचं त्याला." आणि घरी येऊन आधी साखरेचा डबा उचलला.

आता भाऊजींचं पत्र वाच. वाचलंस? कळलं काय झालंय ते?

त्यांना वाटतं, खिसा तपासला म्हणजे कागद वाचला. कुणालाही असंच वाटेल. या जगात आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक आहे की आपण खिसा रिकामा करतो आणि कागद वाचत नाही? तो नियम सासूबाईंनी सुनांना शिकवला. पोरांना कुठं शिकवला? पोरं मागे बॉयलरवर होती. तू भाऊजींना म्हणालीस, मला सांगितलं नाही. खरं बोललीस. ते म्हणाले, सांगितलं होतं. तेही खरं बोलले. आणि तुम्ही दोघं एकमेकांना खोटं ठरवून जूनपासून एका छपराखाली राहिलात.

काउंटरखाली वाक. डबा काढ. मार्चातलं शून्य नंबरचं पाकीट तिथंच असणार, तू कागद कधी टाकत नाहीस हे मी जाणते. सासूबाई आता नाहीत. घरात थोरली मी. तेव्हा नियम मोडायची परवानगी मी देते.

वाचून मग काय वाटेल ते कर. यायचं असेल तर ये, खाट लावलेली आहे. ते पत्र वाचून तुझा राग जाईलच असं नाही. ठेव तर गेलीच, आणि तोंडानं विचारायचं ते खिशाला विचारणारा नवरा आहे तुझा. पण निघायचंच असेल तर खऱ्या कारणासाठी नीघ.

मला माफ करायचं की नाही ते नंतर ठरव.

वहिनी


२ डिसेंबर

वहिनी,

पत्र बुधवारी दुपारी मिळालं. काउंटरवर गर्दी होती. मी उभ्याउभ्याच वाचलं, बसले नाही, आणि मग बसावं लागलं.

डबा काढला. वर्षभराची पाकिटं, दाबून भरलेली. शून्य नंबरची सात निघाली. एकात ठकीचे दोन मणी, एकात बसची जुनी तिकिटं, एकात यांचं तुटलेलं बटण. सगळ्यांत खाली मार्चातलं. समोर एक बाई परकर घेऊन उभ्या होत्या, म्हणाल्या, "अहो, माझं बघताय ना?" मी म्हटलं, "नाही, माझं बघतेय."

चार पानं, दोन्ही बाजूंनी. यांनी जन्मात एवढं लिहिलं नसेल. खाडाखोड इतकी की काही ओळी चारदा खोडून पुन्हा तशाच लिहिल्यात. सगळं आहे त्यात. हॉटेलच्या मॅनेजरनं कसं हसत काम काढून घेतलं, पहिली उचल कुठून घेतली, त्या दिवशी घरी येऊन माझ्याशी काय बोलायचं ठरवलं होतं आणि मी काय हवंय विचारल्यावर कसं पाणी मागितलं. ठेवीबद्दल लिहिलंय, "ते पैसे तू सुईनं जमवलेस, म्हणून विचारल्याशिवाय हात लावणार नाही." आणि अगदी शेवटी, "रागावलीस तरी चालेल, पण काहीतरी बोल."

आणि मी काय केलं? कोट धुतला, इस्त्री केली, टांगला आणि गप्प बसले. त्यांनी रोज खिशात हात घालून बघितलं आणि मी रोज गप्प बसले.

परकरवाल्या बाईंना उद्या या म्हटलं आणि फळी टाकून दुकान बंद केलं, दुपारी दोन वाजता. मागे गेले. हे रोलरपाशी वाकून काहीतरी पुसत होते. उगाचच, त्या रोलरवर वर्षभर चादर चढलेली नाही. मी पाकीट पुढे धरलं. टाचण्या दाखवल्या. म्हटलं, "हे मी आज उघडलं."

त्यांना कळेना. मी नियम सांगितला. सासूबाईंचा. डावा हात, उजवा हात, नजर गिऱ्हाइकाकडे. ऐकता ऐकता हे धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे आठ महिने तू माझ्यावर रागावलेली नव्हतीस?"

मी म्हटलं, "रागावलेली होते हो! पण हे वाचून नाही."

मग हसले, वहिनी. आणि हसता हसता तोंडावर पंचा घेतला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मी शेजारी बसले. म्हटलं, आता तोंडानं सांगा, पहिल्यापासून, मी वाचलं नाही असं समजून. सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. हॉटेलच्या चादरींचंही. मी हात हातात घेऊन बघितले तर बोटं सोलवटलीत, त्यांच्याकडचा साबण कडक आहे. मला त्या वासाचा कसला कसला संशय आला होता ते मीही सांगितलं. झाकून ठेवायला आता डब्यात जागा नव्हती.

सगळं गोड झालं असं समजू नका. कर्ज आहे तिथं आहे. मशीनं ते नेण्याआधी आपणच विकायची ठरवलीत, त्यातून मोठं देणं बरंचसं फिटेल, बाकीच्या दोघांकडे आम्ही दोघं मिळून गेलो आणि मुदत मागितली. बोलले मीच, काउंटरवाली ना. ठेव गेली ती गेली, ते मी अजून गिळलेलं नाही आणि यांना तसं सांगितलंय. परवा आम्ही भांडलोसुद्धा, चांगलं तोंडानं, चष्मेवाला दारात येईपर्यंत. ठकी मात्र रडली नाही. म्हणाली, "झालं का? मला भूक लागलीय."

फोन सुरू केलाय. वाजला की हे उचलतात.

तुमच्या आठ दिवसांबद्दल. मी रागावले, लपवणार नाही. एक दिवस पुरता रागावले. मग ते तीन कप डोळ्यांपुढे आले. ते आठ दिवस तुम्ही सांगितले नसतेत तर मला कळलेही नसते. वहिनी, ठकीच्या सुट्टीत आम्ही तिघं येतो. डुगडुगती खाट काढू नका, यांना पाय बसवता येतो. आणि तुम्हाला एक विचारायचंय, दोन खोल्यांत एकटीनं राहायलाच हवं असं आहे का? इकडे काउंटरला एक जागा रिकामी आहे. पगार नाही. पण दिवसभर बोलायला मिळेल. लगेच उत्तर देऊ नका, पण खिशातही ठेवू नका.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मार्चात ते पाकीट हातात घेतलेलं मला आता लख्ख आठवतंय. जाड होतं, टाचणी बसेना. आतला एकही कागद निसटू नये, हरवू नये, म्हणून मी एकीच्या जागी दोन टाचण्या लावल्या होत्या. इतकं जपून ठेवलं होतं हो मी ते.

तुमची धाकटी